बाबा, पुन्हा बी.ए. का, ते सांगते

तार्नाका, हैदराबाद

ति. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाने आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे पाठवले. डॉक्टरांशी मीही बोलले. ऑपरेशन आता पुढे ढकलण्यात अर्थ नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ‘ती तिकडे, मग इथे धावपळ कोण करणार’ असं आई दादाला म्हणाली म्हणे. आई, ते कारण माझ्या नावावर घालू नकोस. डिसेंबरची तारीख घे. परीक्षा संपली की मी येते, आणि तू आपला जिना स्वतः चढून वर जाईपर्यंत सोलापुरातून हलत नाही.

पत्र खरं तर बाबांसाठी आहे. फोनवर बाबा ‘बरं’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात. त्यात रागापेक्षा काळजी जास्त आहे हे मला कळतं. पण तुमच्या ‘नोकरी सोडून एकतिसाव्या वर्षी पुन्हा बी.ए., तेही जर्मनमध्ये?’ या प्रश्नाला मला नीट उत्तर द्यायचं आहे, आणि फोनवर ते जमत नाही.

आधी पैशांचं, म्हणजे ती काळजी मिटेल. इफ्लू, म्हणजे आमची इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, हे केंद्रीय विद्यापीठ आहे. १९५८ पासून भाषा शिकवणं हेच तिथलं मुख्य काम. फी माझ्या शिलकीतून भागते. संध्याकाळी दोन जुन्या कंपन्यांच्या जीएसटी रिटर्नचं काम घरूनच करते, त्यातून खोलीभाडं आणि जेवणखाण निघतं. पीएफला हात लावलेला नाही. बाबा, तुम्ही तुमची एफडी मोडायची नाही, मला न सांगताही नाही. आईच्या बांगड्यांचा विषय तर काढायचाच नाही, एकदा झालं तेवढं पुरे.

खोलीत आम्ही तिघी आहोत. एक केरळची आहे, दुसरी वरंगळची. पाणी चोवीस तास असतं, खिडकी पूर्वेला आहे, दाराला आतून दोन कड्या आहेत. आईने विचारलं होतं म्हणून सांगते, संडास-बाथरूम स्वच्छ आहेत. डाळ-भाताचा कंटाळा आला की कोपऱ्यावर एक बाई संध्याकाळी जोन्ना रोट्टे करून विकतात, ती आपली ज्वारीची भाकरीच. त्यावर तू दिलेली शेंगाचटणी आणि कांदा. वजन कमी झालेलं नाही, दादाला पाठवलेल्या फोटोत उजेड कमी होता इतकंच. सोलापूरची गाडीही पाच-सहा तासांची आहे. तुम्ही ‘परमुलूख’ म्हणता, पण हा मुलूख आपल्या गल्लीतूनच सुरू होतो. खालच्या काकू तेलुगूत भांडायच्या, दूधवाला कन्नडमध्ये हिशेब सांगायचा आणि आई मराठीत दोघांशी घासाघीस करायची. तुमच्या खांद्यावर बसून गड्ड्याची जत्रा बघताना मी तुम्हाला सारखी विचारायची, ‘बाबा, हे काय म्हणाले? आणि ते?’ तुम्ही एकदाही ‘गप बस’ म्हणाला नाहीत. कुणी काय म्हटलं ते सांगायचात, आणि नाही समजलं तर त्या माणसालाच विचारायचात. मला जे शिकावंसं वाटतं त्याचं मूळ तिथे आहे.

तुमचं दुखणं वेगळं आहे, ते मी जाणते. शिकायचंच होतं तर संस्कृत का नाही? बारावीनंतर ते राहून गेलं. तेव्हा घरात काय चाललं होतं ते आपल्या तिघांना ठाऊक आहे. कुणाचा दोष नव्हता आणि आज कुणी मनाला लावून घेऊ नये. पण बाबा, मी संस्कृतपासून दूर गेलेले नाही. युरोपात भाषांची शास्त्रशुद्ध तुलना उभी राहिली ती संस्कृतच्या आधाराने, आणि त्यात जर्मन अभ्यासक आघाडीवर होते. फ्रान्झ बोपने १८१६ मध्ये संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन कुळातल्या रूपांशेजारी मांडून दाखवली. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ ते १८८१ आपल्या पुण्यातच होते, डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाची जी आवृत्ती अभ्यासक आजही हाताशी ठेवतात, ती त्यांनीच संपादित केलेली.

आता मी पत्र लिहायला बसले ते ज्या गोष्टीमुळे, ती सांगते. संस्कृतमध्ये जिथे ‘त’ आहे तिथे जर्मन कुळातल्या भाषांत ठरावीक रीतीने दुसरा ध्वनी येतो, हा नियम जर्मन अभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. पण काही शब्द त्यात बसत नव्हते. पिता, माता आणि भ्राता या तिन्हींत ‘त’ सारखाच. मग आजच्या जर्मनमध्ये फाटर आणि मुटरमध्ये ‘ट’, पण ब्रूडरमध्ये ‘ड’ का? पन्नासेक वर्षं हा अपवाद म्हणून बाजूला पडून होता. मग कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने वेदातल्या स्वरांकडे पाहिलं. ‘पिता’ आणि ‘माता’ यांत उदात्त, म्हणजे उंच स्वराचा आघात, ‘ता’वर आहे, ‘भ्राता’मध्ये ‘भ्रा’वर. आघात ‘त’च्या लगेच आधी असेल तर एक वाट, नसेल तर दुसरी. १८७७ मध्ये त्याचा लेख छापून आला आणि अपवादाचाच नियम झाला. जर्मन कुळातून तो जुना आघात केव्हाच नाहीसा झाला होता, त्याची खूण व्यंजनात तेवढी उरली होती. स्वर जपला तो आपल्याकडच्या वेद म्हणणाऱ्यांनी, पिढ्यान्पिढ्या, तोंडी.

हे वाचलं तेव्हा मला तुम्ही आणि आजोबा दिसलात. एक स्वर खाली गेला तरी आजोबा तुम्हाला थांबवायचे आणि ओळ पहिल्यापासून म्हणायला लावायचे. त्या कडक शिस्तीचा उपयोग काय, असं तुम्हीच एकदा उदास होऊन म्हणाला होतात. बाबा, उपयोग हा. तुम्ही पहाटे म्हणता त्यात जर्मन भाषेच्या एका कोड्याचं उत्तर होतं.

आणि उद्याचं म्हणाल, तर मला शिकवायचं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्सिंग, वायरिंग, प्लंबिंग शिकलेल्या मुलामुलींना जर्मन यावंच लागणार. त्यातली पुष्कळ मराठी शाळांतली असतील, आणि त्यांना जर्मन शिकवलं जाईल ते इंग्रजीतून, म्हणजे एका अवघड दारातून दुसऱ्या अवघड दारात. मला ते पटत नाही. इंग्रजीला नामाचं लिंग नाही, आपल्याकडे तो-ती-ते तिन्ही आहेत, जर्मनमध्येही तिन्ही आहेत. आपण एकवीस म्हणतो, आधी एक मग वीस, तेही तसंच म्हणतात. गौण वाक्यात त्यांचं क्रियापद आपल्यासारखं शेवटी जातं. ‘चाक’मधला च त्यांच्या ‘झेड’ अक्षराचा उच्चार आहे, तो आपल्या मुलांच्या जिभेवर आधीच आहे. विभक्ती त्यांच्या चार, आपल्या मुलांनी शाळेत आठ पाठ केलेल्या असतात. हे सगळं मराठीतून समजावणारं कुणीतरी हवं. त्यासाठी मला जर्मन आणि भाषाविज्ञान दोन्ही पायापासून यायला हवं. शनिवार-रविवारच्या क्लासने ते होणारं नव्हतं, म्हणून नोकरी सोडली.

वर्गातली बाकीची मुलं अठरा-एकोणीसची आहेत, मला अक्का म्हणतात, मायेने वागतात. सगळेच अ-आ-ई पासून सुरू करणारे, त्यामुळे मी मागे नाही. कोणतं नाम कोणत्या लिंगाचं ते पाठ करावं लागतं, चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. मी रोज मोठ्याने घोकते, आईने पाढे घ्यायचे तेव्हा घोकायचे तशी.

लग्नाचं मी टाळते आहे असं समजू नका. आत्याने सांगितलेल्या मुलाशी मी बोलेन, मोकळेपणाने बोलेन. फक्त शिक्षण पूर्ण करण्याची अट मी आधीच सांगणार आहे.

आता माझं ऐका. बाबांनी तीन महिन्यांची साखरेची तपासणी चुकवायची नाही, ती या महिन्यात आहे. गोळ्यांचा डबा रविवारी रात्री भरून ठेवायचा. आईने माळ्यावर चढायचं नाही, दिवाळीची भांडी मी येऊन काढीन. पंपाचं बटण ओल्या हाताने लावायचं नाही. बाबांनी रात्री स्कूटर काढायची नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तर मुळीच नाही. कामाच्या मावशींना आईच्या ऑपरेशननंतर दोन्ही वेळ यायला सांगितलं आहे, जादाचे पैसे मी देते, त्यावर वाद घालू नका. गुडघ्यांना तेल बाबांनी लावून द्यावं, आई स्वतःहून कधी सांगायची नाही.

रविवारी सकाळी नऊला फोन करीन. तो बाबांनी उचलायचा, आणि आजोबांकडून शिकलेल्या मंत्रांत ‘पिता’ आणि ‘भ्राता’ जिथे येतात त्या ओळी मला स्वरांसकट म्हणून दाखवायच्या. मला रेकॉर्ड करून घ्यायच्या आहेत.

दोघांना पुन्हा नमस्कार. दादा-वहिनींना सांगणे, पिल्लूला पापा.

तुमची,
धाकटी