विषय : दोनशे सिगारच्या विजेवरच्या कपाटाचा कायम ‘७०’ दाखवणारा आकडा, आणि तुमच्या माणसांनी मला दिलेले आरोग्यविषयक सल्ले

ठाणे, १९ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवर माझी बावीस मिनिटं गेली. हा सहावा फोन. सातवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

कपाट तुमचंच आहे, तेव्हा ते काय करतं हे तुम्हाला सांगायला नको. काचेचं दार, दोन पंखे, पेल्टियरचं कूलिंग (कॉम्प्रेसर नाही, विजेवर गार होणारी एक पट्टी), वर आतल्या आर्द्रतेचा निळा आकडा, टक्क्यांत. मार्चमध्ये ३८,५०० रुपये मोजून घेतलं. आतलं लाकूड तुमच्या पुस्तिकेप्रमाणे दोन आठवडे ओलावा देऊन मुरवलं, मगच सिगार ठेवल्या. तेव्हापासून आकडा ७०. मेच्या उकाड्यात ७०, आषाढाच्या झडीत ७०. मी बायकोला कौतुकानं दाखवायचो, बघ, मशीन कसं असतं.

या महिन्याच्या ३ तारखेला दार उघडलं आणि ओल्या गोणपाटासारखा वास आला. खालच्या फळीवरच्या सिगारना पेटवायच्या टोकाकडे निळसर-हिरवी, कापसासारखी लव आली होती. बोटानं पुसली तर खाली डाग. तरीही आकडा ७०. मी दार सताड उघडं ठेवलं. बाहेर धो धो पाऊस, खिडकी उघडी, पाऊण तास समोर खुर्ची टाकून बसलो. ७०. जुलैत ठाण्याच्या हवेत सत्तर टक्के आर्द्रता असती तर आमचे टॉवेल वाळले असते.

मग घरातले दोन हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायची यंत्रं, काढले. आधी त्यांचीच परीक्षा घेतली : बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर विरघळणार नाही इतपत चार थेंब पाणी, सगळं हवाबंद पिशवीत चोवीस तास. ओल्या मिठाशेजारच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, तेव्हा ७५ दाखवायला हवं. एकानं ७५ दाखवलं, दुसऱ्यानं ७४. दोन्ही तुमच्या कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ८३ आणि ८२. वरच्या निळ्या अक्षरांत अर्थातच ७०. तापमान तुमच्या मते १८, माझ्या थर्मामीटरवर २३. थोडक्यात, तुमचं यंत्र काहीही मोजत नाही. जो आकडा मी सेट केला, तोच मला वाचून दाखवतं. ३८,५०० रुपयांचा पोपट.

मी बत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली आहेत, त्यामुळे पुढचा शोध मीच लावला. दाराच्या कडेला खडू फासून दार दाबून बंद केलं, जसं आम्ही हॅच कव्हरचं, म्हणजे जहाजाच्या मालकोठारावरच्या झाकणाचं, करायचो. उघडून पाहिलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यात रबरावर चार बोटं खडूच उमटलेला नाही. म्हणजे तिथून हवा आत जाते. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के असेल तर त्या हवेचा ड्यू पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतलं पाणी सुटतं तो, २७ च्या आसपास. आत २३, कूलिंगची पट्टी त्याहून गार. पाणी सुटणारच. तळाच्या ट्रेमध्ये रोज अर्धी वाटी पाणी साचतं, पंखा तेच वाफ करून पुन्हा सिगारवर फिरवतो. तुमच्या कपाटाला हवेत पाणी घालता येतं, काढता येत नाही. कोकणपट्टीवर विकायच्या यंत्राबद्दल हा विचार कुणीतरी, कधीतरी, चहा पिता पिता तरी करायला हवा होता.

आता कालचा फोन. मला आठवतोय तसा लिहितो, आणि मला पुरता आठवतोय.

“सर, टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरलंय ना?”
मी म्हटलं, आर्द्रता जास्त आहे, कमी नाही. टाकी १० जूनपासून कोरडी आहे.
“ओके सर. मग टाकी भरून घ्या आणि चोवीस तास थांबा.”
मी म्हटलं, अहो, आत बुरशी आलीय.
“सर, ती बुरशी नसते, तो ब्लूम असतो, पानातल्या तेलाची पांढरी पूड. चांगल्या सिगारला येतो. लोक त्यासाठी जास्त पैसे देतात.”
मी म्हटलं, हिरवा?
इथे मला सव्वाचार मिनिटं बासरी ऐकवण्यात आली. मग ‘सीनियर’ आले.
“सर, डिस्प्लेवर किती दिसतंय?”
“सत्तर.”
“मग बरोबरच आहे ना सर.”
मी मिठापासून सगळं परत सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, किंवा जेवत होते. शेवटी म्हणाले, “सर, पाणी भरलंय ना?” आणि मी काही बोलत नाही असं पाहून, अगदी मायेनं, “तसंही सर, सिगार तब्येतीला चांगली नसतेच ना.”

मला वय वर्षे अडुसष्टला हे ठाऊक नव्हतं असं त्यांना वाटलं असेल. माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, पाकिटांवर छापलेलं असतं, आणि घरात तर रोज सांगितलं जातं. त्या वाक्यावर स्वयंपाकघरातून जे हसू आलं, ते मला या घरात पुढची दहा वर्षं ऐकावं लागणार आहे. पण तब्येतीची इतकी काळजी होती तर कपाट विकलंत कशाला? मार्चमध्ये पैसे घेताना तुमच्या दुकानातल्या मुलानं माझा रक्तदाब विचारला नव्हता.

नुकसान : चौसष्टपैकी एकेचाळीस सिगार गेल्या. त्यातल्या पस्तीस बाजारात पुन्हा मिळतील. सहा मिळणार नाहीत. १९९८ साली आमचं जहाज हवानाला लागलं होतं, तेव्हा पंचवीसची एक पेटी घेतली होती. मोठीचं लग्न, नातू, माझी निवृत्ती, असं काही असलं की एक काढायची. नऊ उरल्या होत्या, आता तीन. सत्तावीस वर्षं त्या कशात होत्या माहीत आहे? भांड्यांच्या दुकानातल्या क्लिपच्या प्लॅस्टिक डब्यात, आर्द्रता पासष्ट टक्क्यांवर राखणारी दोन पाकिटं टाकून. त्याआधी पाकिटं मिळत नव्हती तेव्हा ओला स्पंज घालून, पावसाळ्यात तो काढून. जावई म्हणाले, बाबा, आता तरी नीट कपाट घ्या. घेतलं.

फळ्यांबद्दलही बोलायचं नव्हतं, पण बोलतो. पुस्तिकेत ‘अस्सल स्पॅनिश सीडार’. हे लाकूड म्हणजे आपल्याकडच्या तुणीचं जवळचं नातलग, नाक नेलं की कळतं. तुमच्या फळीची कड पाण्यानं फुगून सुटलीय आणि आत प्लायवूड दिसतंय. वास फेव्हिकॉलचा.

साडूंकडे तुमच्या कंपनीचा वाइनचा फ्रिज नऊ वर्षं निमूट चालतोय. त्याच भरवशावर मी दुसरं काही बघितलंसुद्धा नाही. नऊ वर्षांपूर्वी तुमच्याकडे जे कोणी दाराचं रबर बसवत होते, त्यांना परत बोलवा.

माझं म्हणणं : कपाटाचे पूर्ण पैसे आणि एकेचाळीस सिगारची भरपाई, पंधरा दिवसांत. दुरुस्ती नको, बदली कपाट नको, पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन तर नकोच. सेन्सर खोटा आहे, दार गळतं आणि तुमची माणसं पाणी भरायला सांगतात. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन आणि ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या कायद्यानं मला माझ्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. मी निवृत्त आहे. तारखा मला जड नाहीत. खडूचे, मिठाचे, बुरशीचे सगळे फोटो सोबत जोडले आहेत. हिरवा रंग नीट दिसावा म्हणून दिवसाउजेडी काढलेत.

आपला,
(दोन वर्षांच्या वॉरंटीतला) ग्राहक

ता. क. कपाट न्यायला दोन माणसं पाठवा, सोसायटीची लिफ्ट बंद आहे आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. वायर मी काढून ठेवली आहे. तळाचा ट्रे पाण्यानं भरलेला आहे, तो रिकामा केलेला नाही. तुमच्या सीनियरना दाखवा.