खडेबाजाराला रात्री नऊलाच कुलूप

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

बाजारपेठ थंड अशी बातमी आली की सगळे ऑनलाईनवर बिल फाडून मोकळे होतात, ते मला काय पटत नाही. आपल्या बेळगावातला खडेबाजार (शहापूर भागातला नव्हे, शहरातला), गणपत गल्ली, पांगुळ गल्ली इकडं लोक नुसती खरेदीला कधी येत होती ओ? संध्याकाळी फिरत यायचं, बांगड्या बघायच्या, घेतल्या तर घेतल्या, मग कायतरी खायचं, घरी कुंदा न्यायचा, आणि रात्रीचा शो सुटला तरी पानपट्ट्या नि ऑम्लेटच्या गाड्या चालूच. टॉकीज एकेक करून बंद पडल्या तशी ती गर्दी गेली, मग गाडीवाला तरी कुणासाठी थांबणार? आता नऊ वाजले की धडाधड शटर खाली.

दुसरं पार्किंग. खानापूर, चंदगडची माणसं बसनं येतात, चालतात बिचारी. पण गोव्याचं गिऱ्हाईक चोर्ला घाटातनं कार घेऊन येतं, जागा शोधत गल्ल्यागल्ल्यातनं फिरतं आणि वैतागून टिळकवाडीकडं सुटतं, तिथं शोरूम, एसी सगळं आहे. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपलं नाव आलं तेव्हा केवढे खूश झालो होतो! आज फुटपाथवर दुकानदाराचाच माल आणि त्याच्यापुढं त्याचीच स्कूटर. व्यापाऱ्यांना राग येईल, येऊ दे.

आणि गंमत बघा, 2021 च्या जानेवारीत कर्नाटक सरकारनं दुकानं 24 तास उघडी ठेवायला परवानगी दिली, पण कुणाला, तर 10 किंवा जास्त कामगार असतील त्यांना. आपल्या गल्लीत मालक, त्याचा मुलगा आणि कामाला एक पोरगा, झालं दुकान. म्हणजे सवलत मोठ्यांना आणि रात्री शिट्टी मारून उठवायचं ते बारक्यांना.

शिवजयंतीच्या चित्ररथांना आणि गणपती बघायला ह्याच रस्त्यांवर बायकापोरं रात्रभर फिरतात, पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा लोक रात्री बाहेर पडत नाहीत हे कुणी सांगू नये.

महापालिकेनं दिवाळीआधी एक तरी शनिवार संध्याकाळी सहा ते अकरा खडेबाजार गाड्यांना बंद करून बघावा, खाण्याच्या गाड्या लावू द्याव्यात, लहान दुकानांना पण उशिरापर्यंत मुभा द्यावी. आणि दुकानदारांनी त्या दिवशी स्वतःच्या स्कूटर घरी ठेवून चालत यावं.

– एक वाचक, अनगोळ, बेळगाव