विषय: फुकटच्या पुलाचं नॉन-रिफंडेबल तिकीट

प्रति,
मॅनेजर, कस्टमर केअरच्या वर जे कोण बसत असतील ते,

आत्ताच तुमच्या लोकांचा फोन ठेवला, डोकं गरम असतानाच लिहितोय. सिंगापूर पॅकेज, 'रेनफॉरेस्ट कॅनपी वॉक विथ एन्ट्री', माणशी १,८०० रुपये. म्हणजे तिथल्या मॅकरिचीच्या जंगलातला झुलता पूल, ट्रीटॉप वॉक. तो सोमवारी बंद असतो, पब्लिक हॉलिडे असेल तरच उघडा, हे तुम्हाला माहीत असणारच, विकताय तुम्हीच. मग आम्हाला सोमवार कोणी दिला?

व्हीनस ड्राइव्हच्या पार्किंगला उतरवून तुमचा ड्रायव्हर गायब. पुढे जंगलातून अडीचेक किलोमीटर पायी, अंगाला शर्ट चिकटलेला, सासूबाईंचे गुडघे दुखतात हे बुकिंगलाच सांगितलेलं तरी त्या बिचाऱ्या मुळांना अडखळत चालल्या, वाटेत माकडाने बाकरवडीची पिशवी हिसकावली ते जाऊ दे, त्याने निदान त्याचे पैसे नाही लावले. आणि एवढं करून समोर काय, तर कुलूप! २५० मीटरचा झुलता पूल, २५ मीटर उंचीवरून खाली झाडांचे शेंडे बघायचे होते, ते राहिलंच.

आता फोनचं ऐका. पैसे परत मागितले तर मॅडम म्हणाल्या, "सर, एन्ट्री तिकीट नॉन-रिफंडेबल असतं." म्हटलं, मॅडम, तिथे तिकीटच नसतं, सगळ्यांना फुकट आहे. मग "होल्ड करा हं", गाणं वाजलं, बराच वेळ वाजलं, परत आल्या आणि म्हणतात, "सिनियरशी बोलले सर, एन्ट्री फ्री असेल तर मग रिफंडचा प्रश्नच येत नाही ना?" म्हणजे घेताना तिकीट आणि देताना फ्री! वर तोंड करून विचारतात, "पण जंगल तर बघितलंत ना सर? झाडं तर बंद नव्हती?"

नव्हती. झाडं चालू होती. धन्यवाद.

आमच्या वडिलांची काशीयात्रा तुमच्याकडूनच झालेली, तेव्हा माणसं होती तुमच्याकडे. आता सोमवारी काय बंद असतं एवढंही बघणारं कोणी नाही?

आठ दिवसांत सगळ्यांचे पूर्ण पैसे खात्यात आले पाहिजेत, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. सोसायटीतल्या तीन फॅमिली दिवाळीला तुमच्याकडून बाली करणार होत्या, त्यांना इन्व्हॉइस दाखवून झालंय. सोबत कॉपी जोडलीये, 'एन्ट्री'ची लाइन पिवळी केलीये. आणि कृपा करून पुढच्या टूरवर डिस्काउंटचं कूपन पाठवू नका.