बाबा, माळ्यावरची बॅग खाली काढा

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, अँजिओप्लास्टीनंतर बाबांनी गोल्फची बॅग माळ्यावर टाकली आणि देवळालीच्या कोर्सकडे फिरकतही नाहीत, असं तू फोनवर सांगितलंस. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय ना? मग जानेवारीत दोघंही नैरोबीला या. बाबा, इथे चाला, पण हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी घेऊन.

केनिया म्हटलं की सगळे मसाईमाराचं नाव घेतात. तिथे जायचं तर पाच-सहा तासांचा रस्ता आणि मग पहाटेपासून जीपचे हादरे. बघण्यासारखं आहेच, पण आईच्या कंबरेला ते झेपणार नाही, असं माझं ठाम मत आहे. गोल्फची सुट्टी तुमच्या तब्येतीला मानवेल. सकाळी सातला सुरुवात करायची, ऊन चढायच्या आत नऊ होल आटोपायचे, जेवून स्वस्थ पडायचं. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे असतात. मार्चच्या अखेरीला मोठा पाऊस लागतो, त्यामुळे त्याआधीच यायला हवं.

नैरोबी कळसूबाईच्या शिखराहूनही उंच आहे. कॅरेनचा भाग, जिथे तुम्ही खेळाल, तो तर 1,800 मीटरच्या आसपास. म्हणून पहिले दोन-तीन दिवस बाबांनी क्लबला हात लावायचा नाही, नुसतं सावकाश फिरायचं. पुढे मात्र याच उंचीची मजा येईल. हवा विरळ असल्यामुळे चेंडू लांब जातो, देवळालीला सात नंबरचा क्लब लागतो तिथे इथे बरेचदा कमी अंतराचा आठ नंबर पुरतो. फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यावर, किकुयू गवत आहे, याच डोंगराळ मुलखातून जगभर गेलेलं. ते इतकं दाट असतं की चेंडू रुतत नाही, वर बसून राहतो. कडेच्या वाढलेल्या रफमध्ये मात्र तेच गवत क्लब धरून ठेवतं. तिथे जोर करायचा नाही, वेज, म्हणजे चेंडू उंच उचलणारा क्लब, काढून गुमान फेअरवेवर यायचं. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

आणि इथले कॅडी, म्हणजे बॅग उचलणारे, सल्ला देणारे सोबती! केनियातले कितीतरी व्यावसायिक खेळाडू आधी कॅडीच होते. मी ज्यांच्याबरोबर खेळते ते पन्नाशीचे आहेत. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, आल्यावर ते लगेच काही बोलत नाहीत. होलच्या पलीकडे जाऊन उकिडवे बसतात, होलची कडा कुठल्या अंगाला जास्त झिजलीय ते निरखतात, म्हणजे गवत कुणीकडे झुकलंय ते कळतं. मग उठून, रोख होलपासून किती डावीकडे धरायचा, ते दोन बोटांनी दाखवतात. बाबा, तुमचं त्यांच्याशी छान जमेल. नैरोबीतल्याच मुथैगाच्या कोर्सलाही एक दिवस ठेवलाय. केनिया ओपन स्पर्धा तिथे वर्षानुवर्षं झाली, 1978 मध्ये ती स्पेनच्या सेव्हे बायेस्तेरोसने जिंकली होती. त्याच्या खेळाबद्दल तुम्ही मला लहानपणी किती सांगायचात!

आई, तुला हॉटेलात बसवून ठेवायचा माझा अजिबात विचार नाही. कोर्सवर तू बगीतून, म्हणजे गोल्फच्या छोट्या गाडीतून, आमच्याबरोबर ये, झाडं आणि पक्षी तुला भरपूर दिसतील. कॅरेनपासून जवळच जिराफ केंद्र आहे. तिथे उंच ओट्यावर उभं राहून हाताने खाऊ घालता येतो. हत्तींच्या पोरक्या पिल्लांची शेल्ड्रिकची नर्सरी सकाळी अकरा ते बारा एवढाच वेळ बघता येते, त्याचं बुकिंग मी करते.

शेवटी चार दिवस समुद्रावर. मोंबासाची आगगाडी त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानातून जाते, नशीब असेल तर खिडकीतून लाल मातीने माखलेले हत्ती दिसतात. मोंबासाच्या उत्तरेला विपिंगो रिजचा कोर्स आहे, त्यावर झेब्रे मोकळे चरतात. तिथे आपण समुद्रसपाटीला येतो, तेव्हा पुन्हा सात नंबर काढायचा! किनाऱ्यावर मलेरिया असतो, त्याच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारावं लागेल.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीतज्वराची लस. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर त्रासाचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून ती आपल्या मनाने घ्यायची नाही. बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांना सगळे कागद दाखवा, दोघांचंही विचारा. ते हो म्हणाले तरच तिकिटं काढीन. नाही म्हणाले तर मी रजा घेऊन घरी येईन आणि आपण देवळालीलाच खेळू. लस ठरावीक केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला तरी ते उरकायला हवं.

बाबा, डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या. आई, ते टाळाटाळ करायला लागले तर तू स्वतः फोन लाव आणि काय ठरलं ते मला रविवारी सांग.

तुमची,
मनू