चिपीचे मुंबई विमान परत आणा, आणि टिकवा : नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मालवण, जि. सिंधुदुर्ग
डिसेंबर २०२४

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली

विषय : सिंधुदुर्ग (चिपी) विमानतळावरून बंद झालेली मुंबईची विमानसेवा पुन्हा सुरू करून ती बारमाही चालवण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरच्या अखेरीस चिपी-मुंबई विमान बंद झाले. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी ते सुरू झाले होते. छोट्या गावांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतली अनुदानाची तीन वर्षांची मुदत संपली आणि तिच्याबरोबर सेवाही संपली. मुदत कधी संपणार हे सेवा सुरू झाली त्याच दिवशी सर्वांना ठाऊक होते. पुढची सोय करायला तीन वर्षे हाताशी होती, तरी ती झाली नाही. त्याविषयीच हे पत्र आहे.

आधी आभार मानतो. आपण मंत्री झाल्यावर, ३१ ऑगस्ट २०२४ पासून, पुणे-सिंधुदुर्ग विमान सुरू झाले. ऐन चतुर्थीच्या तोंडावर पुण्यातल्या आमच्या माणसांची मोठी सोय झाली. बेंगळुरू आणि हैदराबादची विमानेही चिपीवरून सुरू झाली, तीही हवीच होती. पण या जिल्ह्याचे अर्धे घर मुंबईत आहे. लालबाग-परळपासून भांडुप-विक्रोळीपर्यंत आणि डोंबिवलीपासून विरारपर्यंत सिंधुदुर्गातल्या प्रत्येक वाडीचे कोणी ना कोणी राहते. सिंधुदुर्गात विमानतळ आहे आणि मुंबईचे विमान नाही, हे इथल्या माणसाच्या मनाला पटतच नाही.

मालवण आणि वेंगुर्ला ही बंदरे मुंबईला जोडली गेली ती समुद्रमार्गे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने भाऊच्या धक्क्यावर आगबोट पकडली, ट्रंका-वळकट्या सांभाळत रात्र काढली आणि बंदराबाहेर उभ्या बोटीतून पडावात उतरून किनारा गाठला. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद. मग चार महिने गाव आणि मुंबई यांच्यात घाटावरून फिरून जाणारा लांबचा रस्ता तेवढा उरे. पुढे बोटही कायमची गेली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि अजून संपलेले नाही. हा सगळा इतिहास डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला, मुंबईहून सव्वा-दीड तासात परुळ्याच्या सड्यावरच्या या विमानतळावर उतरता येते याचे केवढे अप्रूप वाटले असेल, ते आपण समजू शकाल.

आणि ते विमान तरी कितीदा ‘आले’! १२ सप्टेंबर २०१८ रोजी चाचणीचे पहिले विमान गणपतीची मूर्ती घेऊन उतरले. ५ मार्च २०१९ रोजी टर्मिनलचे उद्घाटन झाले. प्रत्यक्ष प्रवासी चढले ते त्यानंतर अडीच वर्षांनी. प्रत्येक समारंभाला लोक मनापासून गेले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे, इमारत आहे, तिच्यासाठी गावांनी दिलेली जमीन आहे. कमी आहे ती रोज ठरल्या वेळेला येणाऱ्या विमानाची.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्न इथे नेहमी हवेत विरतो. जमीन एमआयडीसीची, उभारणी आणि चालवणे खासगी कंपनीकडे, मार्ग आणि अनुदान केंद्राचे, अनुदानातला २० टक्के वाटा राज्याचा, विमान आणखी कुणाचे. सेवा बंद पडली की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. उडान ही आपल्या मंत्रालयाची योजना आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

या योजनेचा हेतू चांगला आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. मोठ्या शहरांमधल्या विमानफेऱ्यांवर थोडा आकार लावायचा, त्यातून छोट्या गावांच्या मार्गांची तूट भरून काढायची, निम्म्या जागा ठरावीक भाड्यात द्यायच्या, याला विरोध कशाला असावा? अडचण तीन वर्षांच्या अटीत आहे. तीन वर्षांत मार्ग आपल्या पायावर उभा राहील असे योजनेने गृहीत धरले. तसे फारसे घडलेले नाही, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात आकड्यांनिशी सांगितले आहे. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ३७१ सुरू झाले. तीन वर्षे पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि मार्च २०२३ मध्ये, सवलतीची मुदत उलटल्यावरही चालू होते फक्त ५४. म्हणजे चिपीचे जे झाले ते देशभर होते आहे. दुखणे योजनेच्या रचनेत असेल तर उपायही तिथेच करायला हवा.

कोकण रेल्वेला तीन वर्षांत नफा दाखवा, नाहीतर गाडी बंद, असे कुणी म्हटले नव्हते. असे म्हटले असते तर आज कुडाळ आणि कणकवलीच्या फलाटांवर शुकशुकाट असता. कोकणाला रेल्वे हवी म्हणून संसदेत कळकळीने बोलणाऱ्यांत वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै होते. या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे असे राज्य मंत्रिमंडळाने ठरवले, त्याचा आम्हा सर्वांना आनंद आहे. पण त्या नावाच्या विमानतळावरून मुंबईला जाता येत नसेल, तर ज्यांच्यासाठी ते आयुष्यभर बोलले त्या माणसांना त्याचा काय उपयोग?

तीन वर्षे मिळाली तीही कशी मिळाली, ते पाहिले पाहिजे. विमान दुपारी येई आणि दुपारीच परत जाई. मुंबईत सकाळी कामाला पोहोचून संध्याकाळी परतावे, हे या वेळापत्रकात बसत नव्हते. उच्च न्यायालयातली तारीख असो की टाटा रुग्णालयातली तपासणी, जाण्याचा एक दिवस, कामाचा एक आणि येण्याचा एक धरावाच लागे. कर्करोगाचा रुग्ण घेऊन रात्रभर गाडीत बसणाऱ्या घरांना विमानाचा किती आधार होतो, हे शहरात बसून कळणार नाही. आमच्याकडे गंभीर आजार म्हटला की गोव्यातले बांबोळी, कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबई. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, ते वाढेल, पण त्याला वेळ लागेल.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. चिपीला परवाना मिळाला तो डोळ्यांना धावपट्टी दिसेल अशा हवामानातल्या उड्डाणांसाठी. किनाऱ्यावरच्या उघड्या सड्यावर जून-जुलैत ढग किती खाली येतात, हे परुळ्याच्या शाळेतले मूलही सांगेल. दृश्यमानता नाही म्हणून फेरी रद्द, हे मग ओघाने आलेच. वैमानिकाने अशा हवेत उतरू नये हेच योग्य आहे, सुरक्षिततेशी तडजोड करा असे कुणीही म्हणणार नाही. पण उपाय आपल्याच देशाकडे आहे. भारताच्या स्वतःच्या ‘गगन’ उपग्रह प्रणालीच्या मदतीने एटीआर जातीचे प्रवासी विमान २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगडला उतरवून दाखवले आहे. त्यासाठी धावपट्टीच्या टोकाला महागडी यंत्रणा उभारावी लागत नाही. मार्ग आखून मंजूर करावा लागतो आणि विमानात योग्य उपकरण लागते. चिपीला येणारी विमाने याच प्रकारची आहेत. मग चिपीसाठी हे का करू नये? आगबोटीच्या काळात पावसाळ्यात वाट बंद होती. विमानाच्या काळातही ती बंदच राहणार असेल, तर आम्ही नक्की किती पुढे आलो?

चतुर्थी पावसाळ्यात येते, हेही दिल्लीत लक्षात घ्यावे. आमचा सर्वांत मोठा प्रवास त्याच दिवसांत होतो. चाकरमानी तेव्हा रेल्वेच्या दारात लटकून, एसटीच्या जादा गाड्यांनी, खड्ड्यांतून रात्र काढून घरी येतो. अशा वेळी विमानाचे भाडे सामान्य घराच्या हाताबाहेर जाते. निम्म्या जागांना असलेली भाड्याची मर्यादा सणाच्या पंधरवड्यात तरी सर्व जागांना लावता येईल का, याचा विचार व्हावा.

उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचे नाव घेतल्याशिवाय चिपीविषयी प्रामाणिकपणे बोलता येत नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. हवाई अंतर मोजले तर चिपीपासून ते पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तिथे मोठी विमाने उतरतात, फेऱ्या जास्त, तिकीट अनेकदा स्वस्त. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या माणसाने मोपाला जावे हे अगदी स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. गोवा आमचा शेजारी आहे, नात्यागोत्याचा आहे. पण म्हणून चिपीची गरज नाही, असा जो सूर आता ऐकू येतो तो चुकीचा आहे. देवगड, आचरे, मसुरे, कणकवली, वैभववाडी यांचा नकाशा समोर ठेवा. देवगडच्या माणसाला मोपा गाठायला अडीच-तीन तास लागतात. चिपी त्याला त्याहून जवळ आहे. मोपा पर्यटकांसाठी मोठा दरवाजा आहे, आणि चिपी या जिल्ह्याच्या मधल्या आणि उत्तरेकडच्या गावांसाठी. दोन्ही चालू शकतात, पण चिपीला मोपाशी फेऱ्यांच्या संख्येत शर्यत लावायला सांगू नका. दिवसाला एक भरवशाची मुंबई फेरी आम्हाला सध्या पुरे आहे.

पर्यटनाबद्दल भाषणांत पुष्कळ बोलले जाते, म्हणून थोडक्यात लिहितो. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतला. तो आणि विजयदुर्ग हे दोन्ही जागतिक वारसा यादीसाठी भारताने सुचवलेल्या १२ किल्ल्यांत आहेत. यादीत नाव आले तर माणसे वाढतील. ती शनिवार-रविवारी गाड्यांतून एकदम येऊन मालवणच्या अरुंद बाजारपेठेत कोंडण्यापेक्षा आठवडाभर विमानाने, रेल्वेने थोडी थोडी आलेली शहरालाही बरी आणि किल्ल्यालाही. घरगुती खानावळ किंवा न्याहारी-निवास चालवणाऱ्या बायकांना मधल्या वारांचे गिऱ्हाईक हवे असते. सुट्टीच्या दिवशी तर त्यांना पाहुण्यांना नाही म्हणावे लागते.

हापूस विमानाने जगभर जाईल, या घोषणेवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. सत्तर आसनी विमानाच्या पोटात आंब्याच्या पेट्या किती मावणार? देवगडचा आंबा रात्रीच्या ट्रकने वाशीला जातो आणि जात राहील. हैदराबाद-बेंगळुरूच्या विमानांतून थोडा निवडक माल, कोळंबी, खेकडे पाठवता आले तर उत्तम, त्यासाठी विमानतळावर छोटे शीतगृह पुरेल. पण मालवाहतुकीची स्वप्ने दाखवून प्रवासी सेवेचा प्रश्न बाजूला पडू नये.

विमानतळापासून पुढचा प्रवासही सेवेचाच भाग मानावा. देवबाग-तारकर्ली विमानतळापासून पाहिले तर कर्ली खाडीच्या पलीकडे आहे, पण गाडीने जायचे तर नेरूरपारच्या पुलावरून वळसा. कुडाळ स्थानक पंचवीसेक किलोमीटरवर. विमानाच्या वेळेला जोडून कुडाळ आणि मालवणसाठी एसटीची एकेक गाडी सुटली, तर एकट्याने प्रवास करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे तिकिटाइतकेच पैसे पुढे भाड्यात जाणार नाहीत. हे राज्याचे काम आहे, मान्य. पण मार्ग देताना केंद्राने राज्याकडून ते लिहून घ्यावे.

आता मागणी. मुंबई-चिपी मार्गाला तीन वर्षांच्या चौकटीबाहेर काढून किमान दहा वर्षांचे अनुदान द्यावे, लागल्यास दरवर्षी कमी होत जाणारे. ते अनुदान फेऱ्या वेळेवर आणि नियमित होण्याशी बांधावे, म्हणजे फेरी रद्द करणे कंपनीलाही महाग पडेल. मुंबईत सकाळची वेळ मिळणे कठीण आहे, हे मी जाणतो. तिथली धावपट्टी किती दाटीने वापरली जाते ते सर्वांना माहीत आहे. पण नवी मुंबईचा विमानतळ आता तयार होत आला आहे. ११ ऑक्टोबरला तिथे हवाई दलाचे विमान उतरले. तिथल्या वेळा वाटल्या जाण्याआधीच चिपी, कोल्हापूर, जळगाव, नांदेड यांसारख्या राज्यातल्या छोट्या विमानतळांसाठी सकाळ-संध्याकाळच्या काही वेळा राखून ठेवाव्यात. एकदा मोठ्या कंपन्यांनी त्या घेतल्या की मग आमच्यासाठी कोण सोडणार? पनवेल, ठाणे, कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या आमच्या लोकांना तर नवी मुंबई अधिक सोयीचीच आहे.

तोवर थांबायचे कारण नाही. उन्हाळी वेळापत्रक ३० मार्च २०२५ पासून लागू होईल. त्यात सध्याच्या मुंबई विमानतळावरून एक फेरी, मिळेल त्या वेळेला का होईना, घालता येईल. पुढची चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, म्हणजे जूनच्या अखेरीस लोक पहाटेपासून तिकिटांच्या मागे असतील. त्याआधी चिपीच्या विमानाचे वेळापत्रक आणि भाडे जाहीर व्हावे, आणि हे शक्य नसेल तर का नाही, ते आपल्या मंत्रालयाने जिल्ह्याला लेखी कळवावे, ही विनंती.

आपला,
मालवण तालुक्यातील एक रहिवासी