भाव पडत नाही, फाइल पडून राहते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शनिवारच्या घरांच्या पुरवणीत शेअर बाजार आणि घरांच्या किमती यांवरचा लेख वाचला. लेखकाने सेन्सेक्सचा आलेख आणि चौरस फुटाचा दर एकाखाली एक छापला आहे. एक रेघ डोंगरासारखी वरखाली, दुसरी जिन्यासारखी वरच जाणारी. त्यावरून ‘या दोन बाजारांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही’ असं म्हणून लेख संपवला आहे. मी एका बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १९ गृहकर्ज विभागात, ठाणे आणि डोंबिवलीच्या शाखांत. संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. लेखकाने तो दरात शोधला, म्हणून त्यांना सापडला नाही. शेअर बाजार पडला की घराचा भाव सहसा पडत नाही. घराची फाइल टेबलावर पडून राहते.

२००८ सालचं एक उदाहरण देतो. त्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांच्या वर गेला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस तो ८ हजारांच्याही खाली जाऊन आला, तो नेमका दिवाळीचा आठवडा. ऐरोलीतल्या एका कंपनीत काम करणारा तरुण आणि त्याची बायको माझ्यासमोर बसले होते. घोडबंदर रोडला ४२ लाखांचा फ्लॅट, आमच्याकडून ३४ लाखांचं कर्ज मंजूर, बिल्डरला लाखाचं टोकन दिलेलं. राहिलेली रक्कम शेअरमध्ये होती. त्याने डिमॅटचं, म्हणजे शेअरच्या खात्याचं, स्टेटमेंट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “साहेब, आठाचे साडेतीन झालेत. विकू की थांबू?” त्याची बायको काही बोलली नाही, फक्त त्या कागदाची कड दुमडत राहिली. काय विकावं आणि काय नाही हे सांगणं बँकेच्या माणसाचं काम नव्हे, म्हणून मी चहा मागवला. ते थांबले. आमच्या मंजुरीपत्राची मुदत संपली, फाइल कपाटात गेली आणि टोकनातले निम्मे पैसे बिल्डरने ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून ठेवून घेतले.

पुढच्या मार्चमध्ये त्याच इमारतीतल्या त्याच क्रमांकाच्या फ्लॅटची दुसरी फाइल माझ्याकडे आली. गिऱ्हाईक वेगळं. करारनाम्यातला भाव तोच, ४२ लाख. मला वाटलं, मंदी निव्वळ पेपरात आहे. मग गिऱ्हाइकाने सहज सांगितलं की स्टॅम्प ड्युटी बिल्डरच भरतोय आणि पार्किंग फुकट देतोय. हिशेब केला तर साधारण चार लाख कमी झाले होते. (सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही असं ठरवलं. पण २००९ मध्ये त्याचे दोन-दोन लाख मोजले जात होते.) म्हणजे घर जवळजवळ दहा टक्क्यांनी स्वस्त झालं होतं आणि सरकारी नोंदीत त्याचा मागमूस नव्हता. रिझर्व्ह बँकेचा घरांच्या किमतींचा निर्देशांकही नोंदणी झालेल्या व्यवहारांवरूनच काढतात. त्यात करारातली रक्कम येते, पार्किंग फुकट दिलेलं येत नाही. आपल्या लेखातला जिना अशाच नोंदींतून उभा राहतो.

बिल्डर भाव का उतरवत नाही, याला तशीच कारणं आहेत. शंभर फ्लॅटपैकी साठ विकले गेले असतील आणि एकसष्टावा चौरस फुटामागे दोनशे रुपयांनी उतरवून दिला, तर आधीचे साठ जण दुसऱ्या दिवशी साइट ऑफिसात उभे राहतात. जमीन आणि बांधकामासाठी ज्यांनी कर्ज दिलंय तेही विचारतात, तुमच्या तारणाची किंमत घटली का? शिवाय रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागांचे दर, आहेच. करारात कितीही कमी भाव लिहा, मुद्रांक शुल्क सरकारी दर आणि करार यांतल्या जास्त रकमेवर. सरकारी दरापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली गेलात तर आयकराचा त्रास विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. आणि हा रेकनर शेअर बाजाराकडे बघून ठरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ८६ हजारांला टेकलेला सेन्सेक्स मार्च २०२५ च्या सुरुवातीला ७३ हजारांवर आला, आणि १ एप्रिलला राज्यात रेडी रेकनर सरासरी चारेक टक्क्यांनी वाढला.

त्याच हिवाळ्यात माझा भाचा पुण्यात घर घेत होता. आपल्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून त्याचं गणित मांडतो, कारण दोन बाजारांचा सांधा तिथे दिसतो. चालू बांधकामातला एक कोटीचा फ्लॅट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७५ लाखांवरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मुभा, म्हणून एक कोटीच्या घराला बँक ७५ लाख देते. राहिले २५. पुण्यात मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ७ लाख. जीएसटी ५ लाख, नोंदणी फी ३० हजार. शुल्क आणि नोंदणीला एवढ्या घरावर बँक कर्ज देत नाही. एकूण ३७ लाख खिशातून काढायचे. पूर्वी हा पैसा मुदत ठेवीत, पीएफमध्ये, बायकोच्या दागिन्यांत किंवा गावच्या जमिनीत असायचा. आता तो एसआयपीत, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात, जातो. बाजार १५ टक्के खाली आला की ३७ लाखांतले साडेपाच लाख दिसेनासे होतात. पगार तोच, कर्ज मंजूर, घर पसंत, पण साडेपाच लाख कमी. भाच्याचा फोन आला, “मामा, तीन महिने थांबू का?” असे हजारो भाचे एकाच वेळी थांबतात. त्याला आपण मंदी म्हणतो, आणि ती दराच्या आलेखात दिसत नाही.

तो थांबला. मार्चमध्ये साइटवरच्या पोराने त्याला सांगितलं होतं, “सर, रेट फायनल आहे, पण महिनाअखेरीपर्यंत आलात तर रजिस्ट्रेशनचा खर्च आमचा.” जूनअखेर सेन्सेक्स ८३-८४ हजारांवर आला, तेव्हा भाच्याचे पैसे बहुतेक भरून आले. जुलैत तो परत साइटवर गेला. रेट तोच होता. ऑफर संपलेली होती.

हा झाला उतार. चढाची गोष्ट जरा वेगळी, तिथे घराचा भाव खरोखर हलतो, पण उशिरा. बाजारात कमावलेला माणूस दुसऱ्या दिवशी फ्लॅट बघायला जात नाही. आधी तो लग्नात, मुंजीत सांगतो. मग घरातून विचारणा होते की एवढे आहेत तर दोन खोल्यांत किती दिवस? मग शनिवार-रविवार साइट बघणं, नातेवाइकांचं मत, वास्तुवाला. यात सहज सहा महिने-वर्ष जातं. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यातलं ५४एफ कलम. शेअर विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त करायचा तर ते पैसे राहण्याच्या नव्या घरात घाला, अशी सोय आहे. शेअरचा पैसा घराकडे वळवायचा हा पाटच सरकारने काढून दिलेला आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याला दहा कोटींची मर्यादा घातली, कारण मोठे लोक त्यातून समुद्राकाठचे मजलेच्या मजले घेत होते. डोंबिवलीकराला त्या मर्यादेची झळ लागायचं कारण नाही.

एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर होता. हर्षद मेहताचा घोटाळा फुटला, बाजार आपटला, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये त्याने तो उच्चांकही मोडला. मुंबईतल्या जागांचे भाव त्यानंतर, १९९५ च्या सुमारास शिगेला पोचले. नरिमन पॉइंटचं ऑफिस तेव्हा जगातल्या सर्वांत महागड्या जागांत मोजलं जायचं. त्यानंतर मात्र भाव खरोखर उतरले, आणि वर्षानुवर्षं उतरलेलेच राहिले. माझ्या सासऱ्यांनी १९९५ मध्ये मुलुंडला घेतलेल्या फ्लॅटला पुढची आठ वर्षं तेवढीही किंमत येत नव्हती. म्हणून ‘घराचा भाव कधी पडतच नाही’ असं कोणी म्हणालं की मी सासऱ्यांची आठवण काढतो. पण ती पडझड सेन्सेक्सच्या एका फटक्याने झालेली नव्हती. कर्जाचे व्याजदर तेव्हा आजच्या जवळपास दुप्पट होते आणि घर राहण्यासाठी घेणाऱ्यांपेक्षा पुढे विकण्यासाठी घेणारे जास्त झाले होते.

आपल्या लेखकाने आणखी एक घोटाळा केला आहे. बिल्डर कंपन्यांचे शेअर पडले म्हणजे घरं स्वस्त होतील, असं त्यांनी सुचवलं आहे. डीएलएफ या बिल्डर कंपनीचा शेअर २००७ मध्ये ५२५ रुपयांना विक्रीला आला, जानेवारी २००८ मध्ये १,२०० च्या वर गेला. २०१२ मध्ये तो ५२५ च्या निम्म्याहूनही खाली होता. याच कंपनीने २००५ मध्ये लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना घेतली होती आणि २०१२ मध्ये कर्ज हलकं करायला ती २,७०० कोटींच्या आसपास लोढा या दुसऱ्या बिल्डरला विकली. शेअर निम्मा, जमीन जवळजवळ चौपट. शेअर घेणारा कंपनीवरचं कर्ज बघतो, प्रकल्प किती वर्षं रखडलेत ते बघतो. गिरणगावातली जमीन नव्याने कोणी तयार करत नाही. तेव्हा बिल्डरच्या शेअरचा आलेख समोर ठेवून घराचा भाव ओळखायला जाऊ नये.

एक कबुली द्यायला हवी, नाहीतर कोणी मलाच धरेल. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एकट्या मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. तोवर शेअर बाजार पुन्हा वर आला होता हे खरं, पण त्याच्यामुळे सब-रजिस्ट्रारच्या दारात रांगा लागल्या असं म्हणता येणार नाही. राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं होतं आणि गृहकर्ज सात टक्क्यांच्या आत मिळत होतं. माझ्या नोकरीतलं ते शेवटचं मोठं काम. ३१ डिसेंबरला आम्ही रात्री नऊपर्यंत धनादेश काढत होतो. हप्ता आणि मुद्रांक शुल्क यांचा जोर शेअर बाजारापेक्षा मोठा आहे हे मला मान्य आहे. पण ते दोन्ही स्थिर असताना शाखेत माणसं येतात की नाही, हे ठरतं त्या ३७ लाखांवर.

म्हणून विनंती. आपण अर्थपानावर रोज सेन्सेक्स छापता, पुरवणीत दर शनिवारी चौरस फुटाचे दर छापता. त्यांच्या जोडीला ठाणे, कल्याण, पुणे, नाशिक इथे महिन्याभरात किती दस्त नोंदले गेले तो आकडाही छापा. तो नोंदणी व मुद्रांक विभागाकडे मिळतो. आणि महिन्यातून एकदा आपल्या वार्ताहराला गिऱ्हाईक म्हणून चार साइट ऑफिसांत पाठवा. भाव काय, हे त्याने विचारू नये, तो भिंतीवर लिहिलेला असतो. ‘भावासोबत अजून काय देता?’ एवढंच विचारावं आणि जे उत्तर येईल ते छापावं. असं पान निघालं तर पुरवणीच्या शेवटच्या पानावरच्या जाहिराती कदाचित कमी होतील, याची मला कल्पना आहे.

कळावे,
एक निवृत्त गृहकर्ज अधिकारी,
डोंबिवली (पूर्व)