बाबांच्या हिरड्या आणि आईची मिश्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर दातांचा विषय काढला की बाबा 'बरं, ठेवतो' म्हणतात, म्हणून हे पत्र.

बाबा, दात वयामुळे हलतात हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. दात आणि हिरडी यांच्यात एक बारीक फट असते, निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर. दिवाळीत तुमच्या खालच्या दाढेशी फट मोजायची बारीक सळई घातली तर ती ७ पर्यंत गेली. इतक्या खोल ब्रश पोचत नाही आणि हवाही फारशी नाही. बिनहवेच्या जंतूंना तेच हवं असतं. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यांतला सर्वांत बदनाम.

पण तुमचं हाड हा जंतू खात नाही. जंतूंचा सुगावा लागला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या फटीत उतरतात, त्यांना गिळतात, त्यांच्यावर विकरं सोडतात (तुम्हीच नववीला शिकवायचात ती). कीटण (दातांवर साचलेला जंतूंचा थर) तिथून हललंच नाही, तर पेशी येतच राहतात आणि त्यांच्या विकरांनी दाताला हाडाशी बांधणारे तंतूही विरघळू लागतात. मग हाड झिजवणाऱ्या पेशींना सांगावा जातो आणि हाड दातापासून मागे सरतं. जिंजिव्हॅलिस मात्र या सगळ्यात मजेत. स्वतःला मारायला आलेली प्रथिनं तो कापून टाकतो, आणि सुजेतून जे पाझरतं त्यावरच पोसतो.

आता आजोबांचं. 'त्यांनी कधी ब्रश धरला नाही, तरी शेवटपर्यंत ऊस खाल्ला.' खरं आहे, आणि त्याला उत्तरही आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यांतले ४८० मजूर संशोधकांनी वर्षानुवर्षं तपासले, १९८६ साली ते छापून आलं. दात घासायची सवय कुणालाच नाही, कीटण सगळ्यांच्याच तोंडात. तरी साधारण ८ टक्क्यांची हाडं झपाट्याने गेली, ८१ टक्क्यांची हळूहळू, आणि ११ टक्क्यांना हिरडीच्या सुजेपलीकडे काही झालं नाही. घाण तीच, पण तिला कोणाचं शरीर कसं उत्तर देतं यावर सगळं ठरलं. आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. तुम्ही नाही, कारण तुम्हाला मधुमेह आहे. साखर जास्त असली की ही सूज चढते आणि लवकर उतरत नाही. उलटंही होतं, हिरड्यांची सूज साखर वर ठेवते. हिरड्या नीट साफ केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, टक्क्यांत) सरासरी ०.४ ने खाली येतो. एका गोळीचं काम आहे हे, आणि गोळी न घेता.

'साफ केल्याने दात ढिले होतात' हे कट्ट्यावरचं शास्त्र. सूज उतरली की फटी दिसतात. दात आधीच सैल असतात, कीटणाने एकमेकांना चिकटलेले असतात एवढंच. आणि रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचं सोडू नका. रक्त येतं तिथेच हलक्या हाताने जास्त घासायचं.

आई, तू हसू नकोस. 'माझ्या तर कधी रक्त येत नाही' असं तू म्हणालीस, पण विडी-सिगारेटवाल्यांच्या आजारी हिरड्यांतूनही रक्त कमीच येतं. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, खूण झाकली जाते आणि आत हाड जातच राहतं. तुझी मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होतात हे तुला शेजारच्या काकूंनी सांगितलं असेल, मी नाही. एकदम सुटणार नाही, ठाऊक आहे. दुपारची तरी बंद कर.

मी शनिवारी येतेय. सोमवारी सकाळी दोघांनाही तालुक्याच्या दवाखान्यात नेणार आहे. बाबा, साखरेचा शेवटचा रिपोर्ट काढून ठेवा. नाश्ता आणि गोळी चुकवू नका, उपाशी यायचं नाहीये. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना मी सांगेन.

तुमची,
सुमी